आईला खडकांवर फुटणाऱ्या लाटा बघायच्यात, बार्बाडोसचा बाथशेबा कसा आहे?

सुरसागरकाठी:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात घर. धाकटा भाऊ लंडनला असतो आणि या फेब्रुवारीत मी आईला घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. आई ६८ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर छान चालते पण पायऱ्या आल्या की थांबते. भावाला दहा दिवस सुट्टी आहे आणि त्याच्या डोक्यात आहे की त्यातले सहा दिवस सगळ्यांनी बार्बाडोसला जायचं, लंडनहून डायरेक्ट फ्लाइट आहे.

आता खरा प्रश्न. भाऊ पश्चिम किनाऱ्यावरचं हॉटेल बघतोय, पांढरी वाळू, निळं शांत पाणी वगैरे. पण आईचं माहेर कोकणातल्या हेदवीचं. तिच्या लेखी समुद्र म्हणजे वाळू नाहीच, खडक. तिथल्या बामणघळीचं, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातल्या अरुंद फटीचं, सांगायला लागली की अजूनही दोन्ही तळवे जवळ आणते, मध्ये एवढीशी फट ठेवते आणि म्हणते, पाणी असं आत शिरायचं, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धाडकन वर. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला ४५ वर्षं झाली, इथे काय, सुरसागर तलाव आणि विश्वामित्री नदी. त्यामुळे मला तिला अशा ठिकाणी न्यायचंय जिथे गर्दी नाही, खडक आहेत आणि तिला नुसतं बसून बघता येईल. शोधताना पूर्व किनाऱ्यावरचं बाथशेबा सापडलं, फोटोत पाण्यात मोठमोठे दगड उभे दिसतात. कुणी गेलंय का? तिथेच राहावं की पश्चिमेकडून एक दिवस जाऊन यावं? गुडघ्याला झेपेल का? आणि व्हिसा, शाकाहारी जेवण याबद्दलही सांगा प्लीज.

मांडवीकर:
ताई, मी जाऊन आलोय, तेही दोनदा, आणि पहिल्यांदा चुकीच्या वेळी गेलो म्हणून सविस्तर सांगतो.

मी टोरंटोला असतो, मूळ मांडवीचा. जून २०२४ मध्ये वर्ल्ड कपसाठी ब्रिजटाउनला गेलो होतो. २९ जूनच्या फायनलला केन्सिंग्टन ओव्हलमध्ये होतो, शेवटच्या ओव्हरला १६ रन हवे आणि बॉल आपल्या बडोद्याच्या हार्दिकच्या हातात, त्या सहा बॉलात मी काय काय नवस बोललो ते माझं मला माहीत. सात रननी जिंकलो. लगेच मागोमाग बेरिल चक्रीवादळ आलं, एअरपोर्ट बंद, टीम अडकली तसे आम्हीही अडकलो. हे सांगायचं कारण, जून ते नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा सीझन. तुम्ही फेब्रुवारीत जाताय ते उत्तम, कोरडे दिवस असतात.

मॅचच्या आधी एक दिवस मोकळा होता तेव्हा सरकारी बसने बाथशेबाला गेलो. निळी बस, पिवळा पट्टा, उसाच्या शेतांमधून वर चढत जाते आणि मग एकदम उतार लागतो आणि समोर अख्खा अटलांटिक. पोचलो दुपारी बाराला. सूर्य डोक्यावर, दगडांना सावली नाही, सगळं पांढरंफटक, वर किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा थर आणि त्याचा कुजका वास (हे सारगासम, २०११ पासून कॅरिबियनमध्ये लोंढ्याने येतंय, उन्हाळ्यात जास्त). तीन वाजता परत. मनात म्हटलं, एवढंच?

अडकलो तेव्हा ज्या काकांच्या घरी खोली घेतली होती ते म्हणाले, पूर्वेला आहे ते, सकाळी जायचं असतं. वादळ गेल्यावर त्यांच्याच गाडीने पहाटे गेलो. आणि मग कळलं. सूर्य थेट समुद्रातून वर येतो, दगड आधी काळे दिसतात आणि मग एका बाजूने पिवळे व्हायला लागतात. दगड म्हणजे केवढे, आपल्या दुमजली घराएवढे, पण खाली पाण्यालगत इतके झिजलेत की बारीक देठावर उभे असल्यासारखे वाटतात. लाटा लांब आत फुटतात आणि पांढरा फेस किनाऱ्यापर्यंत येतो, म्हणूनच तिथल्या सर्फिंगच्या जागेला सूप बोल म्हणतात. मी एकाच दगडाकडे बघत दीड तास बसलो होतो. त्याच्या माथ्यावर चार झुडपं होती, प्रत्येक लाटेला हलायची.

थोडक्यात, तिथेच राहा. पश्चिमेकडून एक दिवस आलात की तुम्ही पोचणार अकरा-बाराला, माझ्यासारखंच. आणि दुपारनंतर सूर्य मागच्या डोंगराआड जातो, मग किनारा लवकर सावलीत येतो.

एक गोष्ट फार महत्त्वाची. तिथे पोहायचं नाही. भाऊ तरुण असेल, उतरावंसं वाटेल, नाही म्हणजे नाही, पाण्याची ओढ जबरदस्त आहे. स्थानिक लोक खडकांच्या आत जे उथळ खळगे आहेत त्यात टबात बसल्यासारखे बसतात, तेही समुद्र शांत असेल तर. पोहायला पश्चिम किनारा.

दगडधोंडे:
मांडवीकरांनी देठावर उभे दगड म्हटलंय ते अगदी बरोबर आहे, त्यावर थोडं लिहितो, कारण मी सयाजीराव युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी केलंय आणि हे ठिकाण मला फार आवडतं.

आजूबाजूची सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट ही बेटं ज्वालामुखीची. बार्बाडोस तसं नाही. अटलांटिकचा भूपट्ट कॅरिबियनच्या खाली सरकतो, सरकताना समुद्रतळाचा गाळ खरवडला जाऊन पुढे साचत गेला आणि वर उचलला गेला, त्या ढिगाचं टोक म्हणजे हे बेट. नांगराच्या फाळापुढे माती गोळा होते ना, तसं. वर प्रवाळ वाढलं, त्याचा चुनखडक झाला, आज बेटाचा साधारण ८५ टक्के भाग त्याने झाकलेला आहे. फक्त ईशान्येला, ज्याला स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिथे हे झाकण झिजून गेलंय आणि खालचे जुने मऊ थर उघडे पडलेत. बाथशेबा त्याच्याच काठावर. म्हणजे पाण्यातले ते दगड तिथे उगवलेले नाहीत, वरच्या कड्यावरून तुटून खाली आलेले प्रवाळाचे तुकडे आहेत. खाली लाटा आपटतात, पाण्यात चुना विरघळतो, शिवाय बारके समुद्री जीव दगड कुरतडतात, म्हणून कंबर बारीक.

आता गंमत बघा, आपल्याला भरती-ओहोटी म्हटलं की खंभातच्या आखाताकाठचं कावी-कंबोई आठवतं, स्तंभेश्वर महादेव अख्खा पाण्याखाली जातो आणि परत वर येतो. बार्बाडोसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. पाणी रोज जवळपास त्याच उंचीवर घासत राहतं म्हणून झीज एका पट्ट्यात होते आणि छत्रीचा आकार येतो. खंभातच्या आखातासारखं पाणी वरखाली झालं असतं तर असा नेमका देठ झाला नसता.

आईंना सांगा, हेदवीचा खडक काळा बेसॉल्ट, लाव्ह्याचा. इथला करडा-पांढरा, हात लावला की खरखरीत, नीट बघितलं तर प्रवाळाच्या चकत्या दिसतात. घसरायची भीती आहे म्हणून ओल्या दगडावर चढायचं नाही, पण कोरडा एखादा जवळून बघाच.

फत्तेगंजवाला:
ताई, राग मानू नका, पण एवढ्या लांब कशाला? आईंना लाटा आणि खडकच बघायचे तर दीवला घेऊन जा. गंगेश्वरला खडकातल्या शिवलिंगांवर समुद्र येतो, पंधरा-वीस पायऱ्या, रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी तिथे. लंडनहून परत नऊ तास विमानात बसवणं त्या वयात सोपं नाही, माझ्या वडिलांचे पाय इतके सुजले होते की दोन दिवस चप्पल जात नव्हती.

सुरसागरकाठी:
राग कसला दादा, दीव झालंय, गंगेश्वरला ती हट्टाने भरतीच्या वेळी उभी राहिली होती. पण भावाची सुट्टी तिकडची आहे आणि आई, तो, मी असे तिघं एकत्र पाच वर्षांनी फिरणार आहोत, म्हणून तिकडे. पायाच्या सुजेचं मात्र लक्षात ठेवते, डॉक्टरांना विचारून मोजे घेते. लंडनला पोचल्यावर चार दिवस आराम करूनच पुढे निघायचं असं भावाला आत्ताच सांगितलं.

आजवा_रोडची_ताई:
मी सासू-सासऱ्यांना घेऊन लंडनहूनच गेले होते, त्यामुळे तुमच्या सगळ्या शंका मला पाठ आहेत.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढायच्या आधी त्यांच्या अधिकृत साइटवर एकदा बघून घ्याच, नियम बदलतात. आईंचा यूकेचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते मात्र नीट वाचा, परत लंडनलाच यायचंय. अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तर घेऊ नका, नुसतं विमान बदलायलासुद्धा त्यांचा व्हिसा लागतो. आणि तिथे गेल्यावर भावाने त्रिनिदाद किंवा गयाना जोडायचं ठरवलं तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर भारतात उतरताना सर्टिफिकेट मागतात आणि नसेल तर वेगळं ठेवतात. नुसत्या बार्बाडोसला ती भानगड नाही.

गुडघा: बाथशेबाला गाडी जवळजवळ पाण्यापर्यंत जाते, बसायला नारळाखाली जागा आहे, आईंना काही त्रास नाही. तिथून उत्तरेला कॅटलवॉश, लांबच लांब मोकळा किनारा, पूर्वी गुरं धुवायला आणायचे म्हणून ते नाव म्हणतात, तिथे सकाळी आम्ही चौघंच होतो. जवळच अँड्रोमेडा बाग आहे, एका बाईंनी १९५४ मध्ये स्वतःच्या जागेवर सुरू केलेली, फार सुंदर, पण चढ-उतार आहेत, सासूबाई अर्ध्यातून बाकावर बसल्या. आणि सेंट जॉन पॅरिश चर्च अजिबात चुकवू नका. कड्याच्या वर आहे, गाडी दारात जाते, आणि चर्चच्या मागे गेलात की खाली अख्खा पूर्व किनारा पसरलेला, लाटांच्या पांढऱ्या ओळी मोजता येतात. ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला त्या बेटावर दिसली नाही. सासरे तिथून हलायला तयार नव्हते.

जेवण: राष्ट्रीय पदार्थ कूकू आणि फ्लाइंग फिश. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेलं, आपल्या उकडीसारखं लागतं, ते नुसतं मागता येतं पण वरची ग्रेव्ही माशाची असते. राइस अँड पीज मागताना मांस घातलंय का विचारा, बरेचदा असतं. मॅकरोनी पाय, तळलेली केळी, ब्रेडफ्रूट म्हणजे आपला विलायती फणस, हे चालेल. आणि बटाटा-चण्याची रोटी मिळते, छान असते. ब्रिजटाउनला एका कापडाच्या दुकानात शिरलो तर मागे दोघं गुजरातीत भांडत होते! सुरतकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे व्यापारात आहेत. सासूबाईंनी 'केम छो' म्हटल्यावर आम्हाला चहा झाला, बसायला खुर्ची मिळाली आणि चांगल्या रोटीच्या दुकानाचा पत्ता पण मिळाला. तरी थेपले आणि लीलो चेवडो घेऊन जा, बाथशेबाला संध्याकाळी फार काही उघडं नसतं.

अजून दोन: मिलिटरी छापाचे कपडे कुणी नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. आणि समुद्राकाठी खोडावर लाल पट्टा असलेलं झाड दिसलं तर पावसात त्याखाली उभं राहू नका, मँचिनील म्हणतात, त्याच्या पानांवरून ओघळलेल्या पाण्याने कातडी भाजते. फळ छोट्या सफरचंदासारखं दिसतं, ते विषारी.

मांडवीकर:
ताईंनी सगळं सांगितलंच. गाडी भाड्याने घेतलीत तर भावाला तिथलं व्हिजिटर परमिट काढावं लागेल, गाडी देणारेच करून देतात. आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात. रस्ते अरुंद, दोन्हीकडे ऊस, वळणावर हॉर्न द्या. पैशाचं सोपं आहे, एका अमेरिकन डॉलरला त्यांचे दोन, ठरलेलं.

सुरसागरकाठी:
किती किती धन्यवाद सगळ्यांना. ठरलं असं, आधी तीन रात्री बाथशेबाजवळ, मग दोन पश्चिमेला भावासाठी. सेंट जॉन चर्च पहिल्याच दिवशी. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं, प्रवाळाच्या चकत्यांचं दोनदा वाचायला लावलं. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, तिथे पाणी वर उडतं का? ते तुमच्या लिहिण्यात कुठे नाही म्हणाली.

दगडधोंडे:
आईंनी नेमकं विचारलं. बाथशेबाला तसं नाही, तिथे लाट पसरते, कोंडत नाही. पाणी उडायला बामणघळीसारखी अरुंद वाट हवी, लाट आत कोंडून हवा दाबली गेली पाहिजे. त्यासाठी उत्तरेला सेंट लुसी पॅरिशमध्ये लिटिल बे म्हणून जागा आहे, तिकडे जा. छोटा, शांत, सगळा खडकाळ बे, चुनखडकाच्या कड्याला खालून पोकळ्या पडल्यात आणि वर भोकं आहेत, लाट आत शिरली की भोकातून फवारा उडतो. फेब्रुवारीत व्यापारी वारे जोरात असतात, म्हणजे बहुतेक दिसेलच. खाली उतरू नका, वरच्या सपाटीवरून दिसतं, फक्त कड्याच्या टोकापासून चार पावलं मागे उभे राहा, कडा खालून पोखरलेला असतो. दुकान, टॉयलेट काही नाही, पाणी बरोबर घ्या, आईंसाठी घडीची खुर्ची न्या.

सुरसागरकाठी:
वाचून दाखवलं. दोन्ही तळवे जवळ आणून विचारतेय, फट केवढी आहे?