जुना डीएसएलआर भंगार, म्हणे! घ्या कॉम्पॅक्ट!

आरसेवाला:
काल एकाने इथे लिहिलं, थोडक्यात असं: "दहा वर्षं जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आज विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावरचं भंगार आपल्या माळ्यावर आणणं. तेवढ्याच बजेटमध्ये सेकंडहँड एक इंच सेन्सरचा (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) कॉम्पॅक्ट येतो, खिशात मावतो, फोटो तसेच येतात." खाली सगळ्यांनी माना डोलावलेल्या. रात्रीच उत्तर लिहायला बसलो होतो पण भाषा घसरायला लागली म्हणून सकाळवर ढकललं.

"फोटो तसेच येतात" म्हणजे नक्की कसे हो? तुमचा एक इंची सेन्सर नावालाच एक इंच, मोजला तर भरतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. २०१४ चा डी३३०० घ्या, निकॉनची तेव्हाची सगळ्यात साधी बॉडी, तिचा सेन्सर २३.५ बाय १५.६. तिपटीहून जास्त क्षेत्रफळ. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर तर बोलायलाच नको, तो एक इंचीच्याही चौथा हिस्सा आहे. उजेड कमी झाला की हा फरक फोटोत दिसतोच, कुठल्याही जाहिरातीने तो लपत नाही.

आणि सेन्सर सोडा. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की समोरचं जे आहे ते आत्ताचं दिसतं, स्क्रीनवर थोडं मागचं नाही. स्विच टाकला की कॅमेरा तयार, लेन्स बाहेर येण्याची वाट बघायची नाही. अंगठ्याखाली डायल आहे, मेनूत शिरावं लागत नाही. डी३३०० ची बॅटरी एका चार्जवर ७०० फोटो, अधिकृत आकडा. तुमचे कॉम्पॅक्ट २००-३०० वर माना टाकतात. तरी भंगार आम्हीच.

खिसेभर:
ती पोस्ट माझीच. आकडे आवडतात ना तुम्हाला, मग पुरते मांडा, अर्धे नको. डी३३०० च्या सेन्सरसमोर लेन्स कुठली लावलीय ते सोयीस्कर गाळलंत. ९० टक्के लोक १८-५५ किट लेन्स लावतात आणि जन्मभर काढत नाहीत. ती एफ ३.५ ते ५.६ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). दीडचा क्रॉप (फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, त्याच्या तुलनेत आपला किती पट लहान ते) धरला तर फुल फ्रेमच्या हिशोबात ५.२५ ते ८.४. आता सोनीचा एक इंची आरएक्स१०० मार्क ३ घ्या, तोही २०१४ चाच, लेन्स एफ १.८ ते २.८, क्रॉप २.७, म्हणजे ४.९ ते ७.६. कोण पुढे? सेन्सर तिप्पट मोठा करायचा आणि पुढे काळोखी लेन्स लावायची, मिळवलंत काय? वजन!

आरसेवाला:
९० टक्के हा आकडा कुठून काढलात ते सांगा आधी. बाकी गणित बरोबर आहे, मान्य करायला माझं काही जात नाही, पण किट लेन्सवर थांबायला सांगितलंय कुणी? लेन्स बदलता येते म्हणून तर हा कॅमेरा घ्यायचा. ३५ एमएम एफ १.८ लावा, तुमच्याच हिशोबात ती होते ५० एमएमच्या आसपास, एफ २.७. तुमचा कॉम्पॅक्ट ५० एमएमच्या दृष्टिकोनाला येईपर्यंत २.८ वर आलेला असतो म्हणजे ७.६. तीन स्टॉपचा फरक, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. आठपट उजेड. मी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे) ८०० वर असतो तेव्हा तुम्ही ६४०० वर, आणि तेही लहान सेन्सरवर.

रॉ_फाईल:
आरसेवाला, "तेही लहान सेन्सरवर" हे दुसऱ्यांदा मोजलंत. सेन्सरचा फरक त्या २.७ च्या गुणाकारात आलाय आधीच. खरं तर उघड्या लेन्सवर तुम्ही ८०० ला असाल तर ते असतील २००० च्या आसपास, बाकीचा फरक सेन्सरचा. बेरीज तीच तीन स्टॉप, पण घोळ घालू नका.

आरसेवाला:
बरं गुरुजी. आठपट तर आठपट ना?

रॉ_फाईल:
आठपट.

तिपाई:
तुमचं आठपट चालू द्या. माझ्याकडे दोन लेन्स, बॉडी, बॅग सगळं आहे आणि गेली कित्येक वर्षं ते कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपलंय. डोंगर चढायला निघालो की पाणी, जेवण, रेनकोट आणि मग ती बॅग उचलायची म्हटलं की हातच वळत नाही. शेवटी रिको जीआर ३ घेतला. २५७ ग्रॅम, बॅटरी-कार्डासकट. सेन्सर? तुमच्याच डीएसएलआरएवढा एपीएस-सी. लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबात २८ एमएमची एकच, एफ २.८, झूम नाही, त्यामुळे लांबचा पक्षी दिसला की नुसता बघायचा. पण शर्टाच्या खिशात असतो म्हणून निघतो तरी. बॅटरीला मात्र शिव्या घाला, हक्काने.

जांभळी_कडा:
सगळे सेन्सरवर भांडताय, पण कॉम्पॅक्टमधले व्ह्यूफाइंडर गायब कुणी केले त्यावर कुणी बोलेल का? भर दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काय दिसतं? स्वतःचं तोंड. हात लांब करून, डोळे बारीक करून अंदाजाने चौकट बसवायची. चाळिशी लागलेल्या माणसाने तर आधी चष्मा शोधायचा, मग कॅमेरा. जुन्यातल्या जुन्या डीएसएलआरला डोळ्याजवळ डायॉप्टरचं बारकं चाक असतं, दोनदा फिरवलं की चष्म्याशिवाय लख्ख दिसतं.

खिसेभर:
मार्क ३ पासून आरएक्स१०० मध्ये व्ह्यूफाइंडर आहे ताई, डायॉप्टरसकट.

जांभळी_कडा:
आहे, वापरलाय. आधी बाजूची कळ खाली करा, मग तो टपकन वर येणार, मग त्याची काच बोटांनी मागे ओढायची, तेव्हा कुठे चित्र दिसणार. काम झालं की काच आत ढकला, मग पूर्ण खाली दाबा, आणि खाली दाबलात की कॅमेराच बंद. तोवर समोरचा मुलगा हसून, रडून, जेवूनसुद्धा आला.

सहा_मेगापिक्सेल:
तुम्ही दोघेही चुकीच्या झाडावर चढलात. जुनाच घ्यायचा तर सीसीडीवाला, म्हणजे जुन्या जातीच्या सेन्सरचा घ्या. माझा निकॉन डी४०, २००६ चा, सहा मेगापिक्सेल. त्यातून येणारा त्वचेचा रंग, संध्याकाळचं आकाश, ते नंतर कुठल्याच कॅमेऱ्यात दिसलं नाही. सीमॉस, म्हणजे नव्या जातीचे सेन्सर, आले आणि सगळं प्लास्टिक झालं. नव्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर तासभर घासा तरी तो रंग येत नाही.

रॉ_फाईल:
आला, सीसीडीचा जप आला. अहो सिलिकॉनला रंग दिसतच नाही, सीसीडी असो की सीमॉस, तो फक्त उजेड मोजतो. रंग ठरवते वरची फिल्टरची जाळी, जी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी काढली आणि १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि त्यानंतर कॅमेऱ्यातलं जेपेग बनवणारं सॉफ्टवेअर. तुम्हाला आवडतं ते निकॉनच्या त्या वेळच्या इंजिनियरांनी ठरवलेलं कलर प्रोफाइल आहे, सेन्सरची जात नाही.

सहा_मेगापिक्सेल:
पुस्तकातलं सांगू नका. डोळे आहेत मला.

रॉ_फाईल:
मग डोळ्यांनीच सांगा. कॅननचा पहिला ५डी, २००५ चा. "काय रंग, काय रंग" म्हणून लोक आजही शोधत फिरतात. तो सीमॉस आहे. कॅननने २००० सालच्या डी३० डीएसएलआरमध्येच सीमॉस घातला. आणि सीसीडीची दुसरी बाजू पण सांगा की. जुन्या सीसीडी कॉम्पॅक्टवर रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा व्हिडिओ घ्या, दिव्यातून वरपासून खालपर्यंत जांभळट पट्टा. तोही "ऑर्गॅनिक लुक" म्हणून विकणार का?

सहा_मेगापिक्सेल:
व्हिडिओ कोण काढतंय? डी४० मध्ये व्हिडिओच नाही, कॅमेरा तपासून बोला. उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या. माझ्या बहिणीच्या पोराचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो डी४० वरचे आणि पाचव्याचे नव्या फुल फ्रेमवरचे. घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येकाने म्हणतोय मी, पहिल्याच्या फोटोंवर बोट ठेवलं.

रॉ_फाईल:
एक वर्षाच्या बाळासमोर पाच वर्षांचा मस्तीखोर पोरगा उभा करायचा आणि घरच्यांना विचारायचं कुठला फोटो गोड? वा! हा पुरावा! दोन्ही कॅमेऱ्यांवर एकाच खिडकीत, एकाच वेळी, एकच चेहरा काढा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाईल), व्हाइट बॅलन्स सारखा करा, नावं काढून टाका आणि मग विचारा.

सहा_मेगापिक्सेल:
तुमच्यासारख्यांमुळेच फोटोग्राफी चार्ट मोजण्याचा धंदा झालाय. फोटो टाका तुमचा एखादा, बघू तरी.

तिपाई:
झालं, आता वैयक्तिक. मूळ प्रश्न काय होता कुणाला आठवतोय?

रॉ_फाईल:
माझे फोटो चांगले की वाईट यावर सिलिकॉनचा स्वभाव बदलत नाही. एक गोष्ट मात्र देतो तुम्हाला, फुकट. डी४० चा फ्लॅश सिंक (फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर वेग) १/५०० सेकंद आहे, आणि तो सीसीडीमुळेच जमला, कारण त्यात उघडमीट सेन्सरच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो. नंतरच्या सीमॉसवाल्या डी९० ला १/२०० वर यावं लागलं. भर उन्हात फ्लॅश मारणाऱ्याला हा खरा फायदा. रंगबिंग नाही.

सहा_मेगापिक्सेल:
म्हणजे सीसीडी भारी. हेच सकाळपासून सांगतोय.

खिसेभर:
१/५०० चं एवढं कौतुक? कॉम्पॅक्टमध्ये लेन्सच्या आतच लीफ शटर असतं, त्याला सिंकची मर्यादा जवळपास नाहीच.

आरसेवाला:
आणि फ्लॅश लावणार कुठे, कानाला? आरएक्स१०० मधला एक मार्क २ सोडला तर हॉट शूच, म्हणजे बाहेरचा फ्लॅश बसवायची खाचच नाही.

अर्धा_दाब:
दोन्ही वापरून बसलेय म्हणून दोघांनाही थोडं थोडं. कॉम्पॅक्टवाल्यांनो, तुमची लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ. माझ्या आधीच्या कॉम्पॅक्टमध्ये आकाशाच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात करडा ठिपका यायला लागला, झूम केलं की ठिपका मोठा. सेन्सर पुसायचा तर अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. दुरुस्तीला दिला, परत आला तेव्हा ठिपका गेलेला आणि लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकलेली. डीएसएलआरमध्ये आरसा वर करा, ब्लोअर मारा, नाहीच गेली तर स्वॉब. काम संपलं.

आता डीएसएलआरवाले. ५० एमएम एफ १.८ घेतली, हौसेने पूर्ण उघडी ठेवून पोर्ट्रेट काढले. डोळ्यावर फोकस पॉइंट ठेवलाय, बीप वाजलंय, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघते तर पापण्या मऊ आणि कानातलं टोकदार. प्रत्येक फोटोत तेच. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तोच चेहरा काढला तर पापणी न पापणी मोजून घ्या. कारण डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर खाली वेगळा बसवलेला, त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर केसभर जरी चुकलं की झालं. निकॉनच्या डी७००० मध्ये ते मेनूतून जुळवता येतं, डी३००० आणि डी५००० मालिकेत नाही. हे स्वस्त बॉडी सुचवणारे कधीच सांगत नाहीत. आणि त्याच बॉडींमध्ये फोकसची मोटर पण नाही, म्हणजे जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स हौसेने आणलीत की हाताने फोकस करत बसा. कॅननमध्ये हा मोटरचा घोळ नाही, ईओएसच्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते.

आरसेवाला:
मोटरचं बरोबर. म्हणून डी९० किंवा डी७००० घ्या म्हणतो मी नेहमी.

खिसेभर:
नेहमी? वर डी३३०० चा जप कोण करत होतं?

आरसेवाला:
ते सेन्सरच्या मापासाठी उदाहरण होतं. वाचत जा नीट.

नवखा_१:
सगळं वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं. माझी मुलगी इनडोअर कोर्टवर बॅडमिंटन खेळते. फोनवर रॅकेट म्हणजे नुसता पांढरा फराटा येतो. एकच कॅमेरा घेणार, काय घेऊ ते एका वाक्यात सांगा.

सहा_मेगापिक्सेल:
डी४०.

रॉ_फाईल:
अजिबात नको. डी४० मध्ये आयएसओ १६०० च्या पुढे एक हाय-१ आहे, तो वापरण्यासारखा नाही, आणि फोकस पॉइंट तीन. इनडोअरला शटर १/८०० तरी लागेल.

तिपाई:
माझा जीआर यात बाद. २८ एमएमवर मुलगी मुंगीएवढी येईल.

खिसेभर:
आरएक्स१०० मार्क ७, सेकंदाला २० फोटो, फोकस मागे धावतो, २०० एमएमपर्यंत झूम.

रॉ_फाईल:
२०० ला एफ ४.५. तुमच्याच २.७ ने गुणा.

खिसेभर:
१२. हो, दिसलं मला. ठीक आहे, बंद हॉलमधल्या बॅडमिंटनला डीएसएलआर. एवढ्या एका कामाला. स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण परत म्हणणार नाही.

आरसेवाला:
काढला. नवखा, डी७००० आणि ८५ एमएम एफ १.८. घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, निकॉनने त्याचं शटर दीड लाखाला तपासलेलं आहे. एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. लेन्समधून टॉर्च मारा, आत जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी, कितीही स्वस्त दिली तरी उचलू नका.

अर्धा_दाब:
आणि ८५ लावून ते केसभराचं अंतर आधी तपासा, डी७००० मध्ये जुळवता येतं. सामन्याच्या दिवशी कळून उपयोग नाही.

नवखा_१:
खूप आभार सगळ्यांचे. शेवटची शंका, मला डोळा लावून काढायची सवय नाही, फोनसारखं समोर धरून मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर डी७००० वर चालतील ना?

खिसेभर:
आरसेवाला, आता द्या उत्तर.

आरसेवाला:
नाही चालणार. स्क्रीनवर गेलात की तो फोकससाठी पुढे-मागे चाचपडत बसतो, तोवर शटल पलीकडच्या कोर्टात. डोळा लावायची सवय करा, आठवड्यात होते.

जांभळी_कडा:
आणि ते बारकं चाक फिरवायला विसरू नका.