एफ-नाइन-पी + एचसी-०५ + अँड्रॉइड: चालताना ठिपका मागे पडतो, फिक्स २ च्या पुढे जात नाही

ठिबकवाला_यवतमाळ
नमस्कार. शेतातल्या जमिनीखालच्या पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह नकाशावर घ्यायचे आहेत. यू-ब्लॉक्स झेड-ई-डी-एफ-नाइन-पी (उपग्रहांवरून जागा मोजणारी चिप) चा बोर्ड आहे, त्याच्या यूआर्ट-१ (डेटा ये-जा करणारं पोर्ट) ला एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल जोडलंय. दोन्हीकडे बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात) ९६००, वेग ५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाच वेळा जागा. फोन अँड्रॉइड, अ‍ॅप एसडब्ल्यू मॅप्स. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सचं (स्थिर संदर्भ केंद्रांचं जाळं) खातं आहे आणि अ‍ॅपमध्ये एनट्रिप (इंटरनेटवरून त्या केंद्रांच्या दुरुस्त्या आणणारी सोय) 'कनेक्टेड' दिसतं.

अडचणी दोन. चालताना नकाशावरचा ठिपका बराच मागे राहतो, थांबलं की हळूहळू येऊन पोचतो. आणि फिक्स (जागा किती पक्की ते सांगणारा आकडा, ४ सगळ्यात अचूक) कायम १ किंवा २, ४ कधीच येत नाही. आकाश मोकळं आहे, आसपास झाड नाही.

सोल्डर_आणि_सिग्नल
पहिली अडचण सरळ हिशेबाची आहे. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, कारण एका अक्षराला १० बिट लागतात. चार प्रणालींचे उपग्रह दिसत असले की एकट्या जीएसव्हीच्याच (दिसणाऱ्या उपग्रहांची यादी) दहा-बारा ओळी होतात, प्रत्येकी साठ-सत्तर अक्षरांच्या. म्हणजे १ हर्ट्झलाच वाट जवळपास भरते. तुम्ही पाचपट ओतताय. ओळी रांगेत तुंबतात, काही गळतात, आणि फोनला शिळी जागा मिळते.

एचसी-०५ आधी बदला: बटण दाबून धरून वीज द्या, म्हणजे ते एटी मोडमध्ये (सेटिंग बदलायच्या अवस्थेत) जातं (तिथला बॉड ३८४००). मग `एटी+यूआर्ट=११५२००,०,०` (रोमन अक्षरांत टाइप करा). त्यानंतर चिपचा यूआर्ट-१ यू-सेंटरमधून (यू-ब्लॉक्सचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) ११५२०० करा, पण यूएसबीवर जोडून. त्याच पोर्टवरून बदललंत तर मधेच संपर्क तुटेल. सेटिंग फ्लॅशमध्येही लिहा. नुसतं रॅममध्ये राहिलं तर वीज गेली की सगळं मूळपदावर.

जीएसव्ही पाच सेकंदांतून एकदा ठेवा. व्हॉल्व्ह टिपायला वेगही १ हर्ट्झ पुरे.

आता फिक्सचं. चिपच्या टीएक्सपासून (पाठवणारी पिन) एचसी-०५ च्या आरएक्सकडे (घेणारी पिन) तार असणारच, नाहीतर फोनला काहीच दिसलं नसतं. उलटी तार आहे का? एचसी-०५ चा टीएक्स चिपच्या यूआर्ट-१ आरएक्सला जोडलेला नसेल, तर अ‍ॅप दुरुस्त्या आणतं, ब्लूटूथवर पाठवतं आणि त्या मॉड्यूलपाशीच संपतात. 'कनेक्टेड' याचा अर्थ फोन सर्व्हरला जोडलाय, एवढाच.

भूमापन_४४
वरच्या उत्तराला जोड. चिप पाठवते ती जीजीए ओळ (जागेची मुख्य ओळ) उघडून पाहा. सहावी जागा फिक्सची: १ साधा, २ डिफरन्शियल, ५ फ्लोट, ४ फिक्स्ड. तुमचा २ बहुधा 'गगन'मुळे (भारताची उपग्रहावरून दुरुस्ती देणारी सेवा) येतोय, आरटीकेशी (कॉर्सच्या दुरुस्तीवरची सेंटीमीटरपर्यंतची अचूक पद्धत) त्याचा संबंध नाही. तेरावी जागा दुरुस्तीच्या वयाची. ती रिकामी असेल तर दुरुस्ती चिपपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तार. १-२ सेकंद दिसत असेल आणि तरी ५ वरच अडकत असेल तर अँटेनाकडे वळा: ती एल-१ आणि एल-२ दोन्ही पट्ट्यांची हवी. चौकोनी पॅच असेल तर खाली साधारण १० सेंमीचा धातूचा पत्रा द्या.

आणखी एक. व्हीआरएस माउंटपॉइंट (तुमच्या जागेसाठी खास दुरुस्ती बनवणारा सर्व्हरवरचा प्रवाह) असेल तर अ‍ॅपमधून जीजीए परत पाठवण्याचा पर्याय चालू ठेवा. तुम्ही कुठे उभे आहात हे कळल्याशिवाय सर्व्हर दुरुस्ती तयार करू शकत नाही.

ठिबकवाला_यवतमाळ
उलटी तार नव्हतीच. जोडली, बॉड वाढवला, अर्ध्या मिनिटात ४ आला. खूप आभार. आता दोन प्रश्न: तोच व्हॉल्व्ह पुन्हा मोजला की आकडे १.८-१.९ सेंमीच्या पायऱ्यांनी उडी मारतात, मधलं काहीच नाही. आणि दारव्ह्याच्या शेताची फाइल यवतमाळच्या प्रकल्पात टाकली तर भलतीकडेच जाऊन पडते.

भूमापन_४४
पायरी: मिनिटानंतर पाचच दशांश येतायत. एक मिनिट अक्षांश म्हणजे १८५२ मीटर, त्याचा लाखावा भाग १.८५ सेंमी. यू-सेंटरमध्ये एनएमईएचा (या ओळींचा ठरलेला साचा) हाय प्रिसिजन पर्याय चालू करा, सात दशांश मिळतील. मात्र ओळ ८२ अक्षरांपेक्षा लांब होते, आणि काही जुनी अ‍ॅप्स अशी ओळ नाकारतात.

फाइल: ७८ रेखांशावर यूटीएमचा (जागा मीटरमध्ये मांडायची पद्धत, ६ अंशांच्या पट्ट्यांची) पट्टा बदलतो. पुसद, दिग्रस, दारव्हा ४३ मध्ये. यवतमाळ, वणी ४४ मध्ये. ४३ चे आकडे ४४ समजून वाचले की बिंदू सहाशे किलोमीटरहून जास्त पूर्वेला जातात. नोंद अक्षांश-रेखांशात ठेवा, पट्ट्याचा ईपीएसजी क्रमांक, ४३ ला ३२६४३ किंवा ४४ ला ३२६४४, शेवटी लावा.

उंचीही तपासा. काही अ‍ॅप्स समुद्रसपाटीपासूनची देतात, काही लंबगोलापासूनची (पृथ्वीचा गणिती आकार), आणि महाराष्ट्रात हा फरक पन्नासहून अधिक मीटरचा आहे. पाइपचा उतार काढायला कुठलीही चालेल, पण एकाच कामात दोन्ही मिसळू नका. अँटेना लावलेली काठी २ मीटरची असेल तर अँटेनाची उंची अ‍ॅपमध्ये भरा आणि काठीवरच्या पातळीचा बुडबुडा मध्यात ठेवा: २ अंश कलली तरी जागा ७ सेंमी सरकते, मग फिक्स ४ असून काय उपयोग.

सोल्डर_आणि_सिग्नल
पुढे दुसऱ्या अ‍ॅपमध्ये हीच जागा हवी असेल तर: एचसी-०५ एका वेळी एकाच अ‍ॅपला जोडलं जातं. क्यूफील्डला (दुसरं नकाशा अ‍ॅप) थेट जोडायचं तर एसडब्ल्यू मॅप्समधून आधी तोडा. जी अ‍ॅप्स फक्त फोनचीच जागा वाचतात, त्यांच्यासाठी मॉक लोकेशन (फोनच्या जागेऐवजी रिसीव्हरची जागा) देणारं अ‍ॅप लागेल: बिल्ड नंबरवर सात टॅप, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ते अ‍ॅप निवडा, आणि गूगलची लोकेशन अ‍ॅक्युरसी बंद करा, नाहीतर वाय-फायवरची जागा मधेमधे घुसते. आयफोनवर एचसी-०५ चालणारच नाही. तिथे अ‍ॅपलची मान्यता असलेला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला रिसीव्हर घ्यावा लागतो, आणि लो एनर्जीवाला असेल तर तुमच्या अ‍ॅपने त्याला आधार दिलाय का ते आधी पाहा.