ग्रेटफुल डेड: नवख्याने आधी अल्बम ऐकावेत की थेट मैफली?

अर्धमात्रा (धागाकर्ता)

ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: १९७० चा 'अमेरिकन ब्यूटी' ऐक, आवडला तर पुढे जा. मला हा सल्ला पटत नाही. अल्बम गोड आहे, गाणी आटोपशीर आहेत, पण ज्यापायी लोक या बँडच्या मागे गावोगाव फिरले ते त्यात औषधालाही नाही. १९६५ ते १९९५ मध्ये सुमारे २,३०० कार्यक्रम, दर रात्री यादी वेगळी, आणि बहुतेकांचं रेकॉर्डिंग ऐकायला मिळतं. तिथेच जायचं असेल तर वळसा कशाला?

माझं म्हणणं: एकच गाणं धरा आणि साल बदलत ऐका. 'प्लेइंग इन द बँड' यासाठी उत्तम. १९७१ मध्ये ते पाचेक मिनिटांत आटपतं. २७ ऑगस्ट १९७२ ला व्हेनिटा, ओरेगॉन इथे ते वीसेक मिनिटांवर गेलेलं आहे. २१ मे १९७४ ला सिअ‍ॅटलमध्ये तब्बल ४६ मिनिटं. मुखड्याची सुरावट दहा मात्रांची आहे, ती आधी बोटांवर मोजून पक्की करा. मग मधल्या उत्स्फूर्त वादनाच्या रानात कुणी तिचा तुकडा टाकला की परतीची वाट सुरू झाली हे लगेच कळतं.

फेब्रुवारी १९७१ ते ऑक्टोबर १९७४ या काळात ड्रम्सवर बिल क्रॉइट्झमन एकटाच होता. मिकी हार्ट परतल्यावर दोन ड्रमर झाले, ताकद वाढली, पण वळणं जड झाली. म्हणून सुरुवात याच काळापासून करावी.

खालची_फळी

असहमत. मुखडा आधी पक्का करा असं तुम्हीच म्हणता, मग तो शिकायचा कुठे? 'डार्क स्टार' १९६८ च्या सिंगलवर तीन मिनिटांपेक्षा कमी आहे. 'लाइव्ह/डेड' या थेट मैफलीच्या अल्बमवर तेच गाणं २३ मिनिटांचं. सिंगल पाठ नसेल तर ती २३ मिनिटं म्हणजे नुसतं धुकं. कुठून निघाले आणि किती लांब गेले याचा पत्ताच लागत नाही.

शिवाय बँडचा गीतकार रॉबर्ट हंटर याचे शब्द. थेट रेकॉर्डिंगात अर्धे शब्द गिळलेले असतात. 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी' पंधरा दिवस ऐका, मग युरोप दौऱ्यातला थेट अल्बम 'युरोप ७२'. एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या मूळ संचातलं बरंचसं गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केलेलं आहे. २०११ मध्ये त्या दौऱ्याचे सगळे २२ कार्यक्रम ७३ सीडींमध्ये आले. त्यात आवाज बहुतेक जसेच्या तसे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले की गाणाऱ्यांचे सूर कुठे सुटतात ते समजतं.

झपताल

आपल्याकडच्या श्रोत्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 'डार्क स्टार' बहुतांशी खमाज थाटात हिंडतं, षड्ज पांढरी सहा. तंबोऱ्याचं ॲप लावून ऐका, कोमल निषादावर गिटारवादक जेरी गार्सिया किती वेळ रेंगाळतो ते दिसेल. 'फायर ऑन द माउंटन' दोनच कॉर्ड्सवर चालतं, षड्ज पांढरी सात.

नातंही खरंच आहे. मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला. झाकीर हुसेन आणि हार्ट यांच्या दिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम १९७६ चा. त्यातली 'हॅपिनेस इज ड्रमिंग' ही चीज म्हणजेच 'फायर ऑन द माउंटन'चं आधीचं रूप. माहीमच्या तबल्याचा डेडशी संबंध सांगोवांगीचा नाही.

फिरकी

नातं कबूल, उपमा नाकबूल. तंबोरा लावला की सगळंच राग वाटायला लागतं. इथे वादी-संवादी नाही, समेचं बंधन नाही, आणि मुख्य म्हणजे गायक आणि साथीदार अशी विभागणीच नाही. फिल लेश बेसवर मूळ स्वर धरून बसत नाही, तो स्वतःची दुसरीच चाल वाजवतो. बॉब वीअर कॉर्ड्सचे तुकडे करून मधल्या फटीत टाकतो. गार्सियाचीच गिटार ऐकत राहिलात तर निम्मा बँड हुकला. हेडफोनवर एक आवृत्ती पूर्णपणे फक्त बेसच्या मागे जाऊन ऐका. हे जॅझमधल्या जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीच्या जवळचं आहे. जॅझवाल्यांनी २९ मार्च १९९० चं नासाऊ कोलिझियम घ्यावं: सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणा, 'बर्ड साँग' ऐका.

आणि भक्तांनो, हेही सांगत चला: गाण्यांमध्ये गिटारी जुळवत बसलेली लांबलचक मिनिटं आहेत, बेसूर कोरस आहेत, आणि भरकटून कुठेच न पोचलेले जॅम (उत्स्फूर्त वादन) ढिगाने आहेत. ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्यक्रमाचा जो देव्हारा मांडलाय त्यात मोठा वाटा रेकॉर्डिंग करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सनच्या स्वच्छ टेपचा आहे. त्याच महिन्यातले बाकीचे कार्यक्रम काही कमी नाहीत.

जुनी_कॅसेट

वाद चालू द्या, पण नवखा माणूस पळतो तो बहुतेक वेळा वाईट टेपमुळे. त्यामुळे हे बघून घ्या.

साउंडबोर्ड टेप, म्हणजे थेट मिक्सरमधून घेतलेली, स्वच्छ, पण कोरडी. छोट्या सभागृहात स्टेजवरच मोठ्याने वाजणारं वाद्य मिक्सरमध्ये कमी घेतलेलं असतं, म्हणून टेपवर ते दबतं. १९७४ ची गोष्ट वेगळी. 'वॉल ऑफ साउंड' या बँडच्या अवाढव्य ध्वनियंत्रणेत स्पीकर गायकांच्या पाठीशीच होते. त्यांचा आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून दोन माइक उलट्या फेजमध्ये (दोन्हींत शिरलेला आवाज एकमेकांना खोडेल असे) जोडायचे आणि गायचं एकातच. त्यामुळे त्या सालचं गायन पातळ, डबड्यातून आल्यासारखं येतं. तुमच्या स्पीकरचा दोष नाही.

प्रेक्षकांतून केलेल्या टेपमध्ये हॉलची हवा असते. ऑक्टोबर १९८४ पासून बँडने टेप करणाऱ्यांना मिक्सरच्या मागे अधिकृत जागाच दिली, त्यानंतरच्या टेप्स बऱ्याच बऱ्या आहेत. दोन्ही जुळवून केलेली 'मॅट्रिक्स' मिळाली तर ती घ्या, मात्र टाळ्या दोनदा ऐकू आल्या तर जुळणी चुकली समजा.

वेग तपासा. बॅटरी उतरलेल्या डेकवर टेप सावकाश फिरते, मग नीट वेगाने लावली की सूर चढा येतो. झपताल यांचा तंबोरा इथे खरा कामाचा: 'डार्क स्टार' पांढरी सहाला बसलं नाही तर त्या रात्रीची दुसरी टेप शोधा. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे भर जॅममध्ये काप येतो. 'पॅच केलेली' (तुटलेला तुकडा दुसऱ्या टेपवरून भरलेली) असं लिहिलेली प्रत निवडा. प्रतीवरून प्रत निघत गेली की खरखर वाढते आणि झांजा मरतात, म्हणून पिढी जितकी कमी तितकी चांगली.

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर २००५ पासून साउंडबोर्ड बहुतेक नुसत्या ऐकता येतात, प्रेक्षकांतल्या टेप्स उतरवता येतात. तीन तासांचा कार्यक्रम फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) साधारण एक जीबी. यादीत दोन गाण्यांमध्ये बाण असला तर ते न थांबता वाजवलेलं आहे, तेव्हा प्लेअरमध्ये गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू करा.

खालची_फळी

हे सगळं वाचून नवखा माणूस घाबरून पळेल. बॅटऱ्या आणि पिढ्या तपासायच्या आधी 'अमेरिकन ब्यूटी'तलं 'बॉक्स ऑफ रेन' ऐकू द्या की हो त्याला.

रात्रवैरी

तीस वर्षांपूर्वी थांबलेल्या बँडची टेप-परीक्षा कशाला? फिश हा असाच जॅम करणारा बँड अजून वाजवतोय. २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री केल्या, एकही गाणं पुन्हा नाही. अधिकृत साउंडबोर्ड विकत मिळतो, वेगाची भानगड नाही.

फिरकी

फिश वाजवतात डेडपेक्षा सफाईने, यात वाद नाही. पण हंटरच्या तोडीचे शब्द त्यांच्याकडे नाहीत. खालची_फळी, हा मुद्दा तुम्हाला फुकट दिला.

अर्धमात्रा

शब्दांचा मुद्दा घेतला. मग असं करू: 'प्लेइंग'ची वीअरच्या 'एस' (१९७२) वरची स्टुडिओ आवृत्ती आधी दोनदा, लगेच व्हेनिटा. 'अमेरिकन ब्यूटी' मात्र अजूनही तिसऱ्या नंबरवरच. आणि सिअ‍ॅटलची ४६ मिनिटं पहिल्याच दिवशी कुणाला ऐकवू नका, घरचे दार वाजवतात.