जर्मनमधे क्रियापद, विशेषणाचं नाम कसं होतं? (दास एसेन, आइन डॉइचर वगैरे)

जर्मन ए२ (भाषेची दुसरी पातळी) चालू आहे, पुस्तक इंग्रजीतून. क्रियापदाचं नाम म्हणजे इंग्रजीतलं आयएनजी असं त्यात दिलंय, पण मग दास कुठून आलं, बाइम कोखेन काय, आणि एकदा डॉइचे एकदा डॉइचर असं का, कोणी नीट सांगेल का?

— — —

इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून बघा. इंग्रजीत स्विमिंगला लिंग नाही म्हणून ते पुस्तक घोळ घालतं, आपल्याकडे पोहणं, जेवणं, वाचणं सगळी ती नपुंसकलिंगीच ना! जर्मनमधेही मूळ क्रियापद जसंच्या तसं उचलायचं, पहिलं अक्षर कॅपिटल करायचं आणि पुढे कायम दास, म्हणजे नपुंसकलिंगी नामाआधी येणारा शब्द (पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला आणि अनेकवचनाला डी): दास श्विमेन, दास एसेन. अपवाद नाही. बाइम म्हणजे बाय अधिक डेम, म्हणून बाइम कोखेन = स्वयंपाक करताना, बस.

विशेषणाचं तर मराठी माणसाला अजून सोपं आहे. इंग्रजीत 'द पूअर' म्हटलं की सगळे गरीब, एकच गरीब माणूस सांगायचा तर पुढे मॅन, वूमन काहीतरी जोडावंच लागतं. आपण मात्र म्हातारा आला, म्हातारी गेली, म्हाताऱ्यांना विचार असं सरळ म्हणतो, तसंच डेर आल्टे, डी आल्टे, डी आल्टेन. आणि नाम झालं तरी प्रत्यय विशेषणाचेच लागतात, खरी मेख इथे आहे. डेरवरून पुल्लिंग कळतं म्हणून डेर डॉइचे (तो जर्मन माणूस), पण नुसत्या आइनवरून (एक) कळत नाही, मग ते काम शेवटचा र करतो, आइन डॉइचर. बाई असेल तर आइने डॉइचे. आणि एका जर्मन माणसाबरोबर म्हणायचं तर मिट आइनेम डॉइचेन. बाकी देशांच्या लोकांना हे लागू नाही हं, इंडर (भारतीय), फ्रान्झोझे (फ्रेंच माणूस) ही साधी नामं आहेत.

काहीतरी नवं = एटवास नॉयेस. इथेही नपुंसकच, आणि नॉयेसचं पहिलं अक्षर कॅपिटल.

— — —

वरचं अगदी बरोबर, फक्त उंगवाली नामं (क्रियापदाला शेवटी उंग लावून होणारी) यात मिसळू नका. ती नेहमी डी, आणि अर्थ बरेचदा क्रियेवरून वस्तूवर सरकतो. दास वोनेन म्हणजे राहणं, डी वोनुंग म्हणजे फ्लॅट. दास रेखनेन म्हणजे आकडेमोड, पण हॉटेलात जेवून झाल्यावर मागायची ती डी रेखनुंग, बिल. शिवाय उंग प्रत्येक क्रियापदाला लागत नाही, एसुंग असा शब्दच नाहीये, त्यामुळे ही एकेक करून पाठच करावी लागतात.