वावरातली भेग काळ्या मातीची की जुन्या खदानीची, हे कसे ओळखावे?

धुऱ्यावरचा (प्रश्न)
आमचे चार एकर वावर वर्धा खोऱ्यात, एका बंद पडलेल्या भूमिगत खदानीला लागून आहे. उन्हाळ्यात पूर्वेच्या धुऱ्यापासून नाल्यापर्यंत सरळ रेषेत साठेक पावलांची भेग पडली. खदानीच्या कार्यालयात गेलो तेव्हा "काळी माती आहे, फाटणारच" असे सांगून माझी बोळवण करण्यात आली. मला ते पटलेही, कारण आमच्याकडे वैशाखात पाय अडकेल एवढ्या भेगा दरवर्षी पडतात. परंतु जुलैत तीन दिवस झड लागून बाकीच्या भेगा मिटल्या, तरी ही तशीच उघडी राहिली आणि सोयाबीनच्या तासांतले पाणी तिच्यात शिरून दिसेनासे होऊ लागले. नाल्याकडची बाजू चार बोटे खाली गेली आहे आणि आता गुरांच्या कोठ्याच्या भिंतीलाही तडा गेला आहे. ही भेग खदानीचीच असेल, तर ते सिद्ध कसे करावे?

जुना सर्व्हेअर
आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच दिले आहे. काळ्या मातीच्या भेगा जाळीसारख्या सर्व दिशांना पडतात आणि ओल मिळताच मिटतात. एकच लांब रेघ, तिला पडलेली पायरी आणि आत मुरणारे पाणी ही लक्षणे खालचा खडक हलल्याची आहेत.

आपल्या भागातील जुन्या खदानी बहुतेक बोर्ड आणि पिलर पद्धतीच्या आहेत. आधी गॅलऱ्या, म्हणजे कोळशातले बोगदे, काढून कोळशाचे खांब उभे ठेवतात आणि शेवटी परत येता येता तेही काढतात. यालाच डिपिलरिंग म्हणतात. मागे उरलेल्या पोकळीत, म्हणजे गोफमध्ये, छत कोसळते आणि वरची जमीन बशीसारखी बसते. बशीचा मधला भाग दाबला जातो, काठ ताणला जातो, त्यामुळे भेगा काठाशी, पॅनेलच्या, म्हणजे कोळसा काढलेल्या पट्ट्याच्या, कडेला समांतर पडतात आणि ताण पॅनेलच्या सीमेबाहेरही पोहोचतो. म्हणून "तुमच्या वावराखाली आम्ही खोदलेच नाही" हे उत्तर मिळाले, तरी तेवढ्याने विषय संपत नाही. पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरली असेल, तर खचणे पुष्कळच कमी होते.

खांब न काढता सोडून दिलेल्या उथळ खदानींचा धोका मला अधिक वाटतो. तेथे गॅलऱ्यांच्या चौकात छत थोडे थोडे गळते आणि पोकळी वर वर चढते. फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे खोल खदानीत ही पोकळी वाटेतच भरून थांबते. उथळ खदानीत मात्र ती मातीपर्यंत येते आणि काम बंद होऊन कित्येक वर्षे लोटल्यावरही एका क्षणात खड्डा पडतो.

घुग्घुसचा शेजारी
त्या एका क्षणाची भीती आम्ही अनुभवली आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खड्ड्याची खोली ६० ते ७० फूट सांगितली गेली. जीवितहानी झाली नाही, पण आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. तेही दिवस पावसाचेच होते, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पाऊस सुरू असेपर्यंत त्या कोठ्यात गुरे बांधू नयेत आणि कोणी झोपूही नये.

पायाभरणी
मी स्थापत्य अभियंता आहे आणि येथे थोडी आडकाठी घालतो. जमिनीतल्या भेगेबद्दल सर्व्हेअरसाहेबांशी मी सहमत आहे, परंतु कोठ्याचा तडा त्याच गाठोड्यात बांधू नये. काळ्या मातीवर उथळ पाया घेतलेल्या बांधकामाला खदान नसतानाही तडे जातात, आणि अर्जात एक दावा लटका ठरला की दुसऱ्यावरचाही विश्वास उडतो.

त्यासाठी मोजमाप ठेवावे. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून त्यांमधील अंतर दर रविवारी लिहावे. तड्यावर प्लास्टरमध्ये काचेची पातळ पट्टी बसवून तिच्यावर तारीख टाकावी. ऋतूप्रमाणे अंतर कमी-जास्त होत राहिले तर दोष बहुधा मातीचा. एकाच दिशेने वाढत गेले तर संशय खदानीवर जातो. वावरातल्या भेगेवरही दोन खुंट्या हव्यात, मात्र पातळी मोजताना संदर्भबिंदू खचणाऱ्या भागाबाहेर, शक्यतो उघड्या खडकावर घ्यावा.

जुना सर्व्हेअर
ही दुरुस्ती मला मान्य आहे. कागदांचेही सांगतो. खदान बंद करताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. माहितीच्या अधिकारात त्या नकाशाची प्रत मागावी आणि तलाठ्याकडील गटनकाशा त्यावर ठेवून पाहावा. खदान १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वीची असेल, तर नकाशावर डोळे झाकून विसंबू नये. खासगी मालकांच्या काळातील कित्येक नकाशे अपुरे आहेत.

भेग बुजवावीच लागेल, कारण तिच्यातून हवा गोफमध्ये गेली तर उरलेला कोळसा आपोआप तापू शकतो. मात्र आधी पंचनामा आणि मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे, मगच चिकणमाती. थंडीच्या सकाळी भेगेतून कोमट वाफ किंवा धुरकट वास येऊ लागला, तर जवळ न जाता त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळवावे.

धुऱ्यावरचा
सर्वांचा आभारी आहे. गुरे चुलत्यांच्या गोठ्यात हलवली आहेत. रविवारी खिळे ठोकले; कोठ्याच्या तड्यावर अंतर १४२ मिलिमीटर भरले. वावरातल्या खुंट्या मात्र दुसऱ्या दिवशी वानरांनी उपटून टाकल्या, त्या आता सिमेंटमध्ये रोवतो आहे. नकाशाचा अर्ज उद्या टपालाने जाईल.