घोडेस्वारीत संरक्षक जाकीट घालावे का?

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी पुण्यात घोडेस्वारी शिकते आणि आता छोट्या अडथळ्यांवरून उड्या घेऊ लागली आहे. तिथे हेल्मेट सक्तीचे असले, तरी संरक्षक जाकीट ऐच्छिक आहे. ते घ्यावे का?

उत्तर १ : अवश्य घ्यावे. क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले पक्के अडथळे घोड्यावरून ओलांडण्याच्या) स्पर्धांत ते सक्तीचेच असते. अशा जाकिटांसाठीच्या ‘ईएन १३१५८’ या युरोपीय मानकाची तिसरी, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाची पातळी पाहावी आणि माप नेमके घ्यावे. वाढत्या अंगाचे घेतलेले जाकीट (ही आपली जुनी सवय) पडताना सरकते.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र फोमचे जाकीट बरगड्यांवरील आघात सौम्य करते, मानेला वाचवत नाही.

उत्तर ३ : हवेने फुगणारे जाकीट खोगिराला दोरीने जोडलेले असते आणि स्वार फेकला जाताच ती ओढली जाऊन ते फुगते. उतरताना दोरी सोडायला मी एकदा विसरलो, तेव्हा जाकीट फुगल्याच्या आवाजाने घोडाच बुजला.