शिकवणी, शिकवण आणि ‘ट्यूटेलेज’

बोरूबहाद्दर:
सयाजीराव गायकवाडांच्या लहानपणावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतोय. इलियट हे महाराजांचे शिक्षक, तर ‘इलियट यांच्या ट्यूटेलेजखाली’ इथे गाडी अडलीय. आधी ‘शिकवणीखाली’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. महाराज दप्तर घेऊन क्लासला निघालेत असं वाटतं! काय लिहावं?

ओसरी:
हसू येणारच. शिकवणी ही ‘लावायची’ गोष्ट. दूध लावतो, पेपर लावतो, खानावळ लावतो, तशी शिकवणी लावतो. महिन्याचा हिशेब, पटलं नाही तर बंद. माझी आई ओसरीवर सातवीपर्यंतच्या शिकवण्या घ्यायची. सतरंजीवर आठ-दहा पोरं, आणि फीची तारीख आली की निम्म्यांचे बाबा गावाला गेलेले. शिकवण मात्र कुणी लावत नाही. ती आजीची असते, संतांची असते. एका वेलांटीचा फरक, पण केवढा!

तुमचा शब्द या दोन्हींत बसत नाही, कारण त्याच्या लॅटिन मुळात शिकवणं नाहीच, राखण आहे. रोमन कायद्यात ‘ट्यूटर’ म्हणजे बाप गेलेल्या लहान मुलाचा पालक. आपण ज्याला ट्यूशन म्हणतो तो शब्दही मूळचा राखणीचाच.

गंमत म्हणजे मराठीने उलटी वाट धरली. आपल्याकडे वयात न आलेला तो कायद्याने ‘अज्ञान’, आला की ‘सज्ञान’. जुन्या सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ दिसतं ना, ते ‘अज्ञान पालनकर्ता’. तिकडे राखणदाराचा मास्तर झाला, इकडे शिकण्याचा शब्द तलाठ्याच्या दप्तरात गेला.

बडोद्यात ही दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली होती. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये, बाराव्या वर्षी दत्तक जाऊन सयाजीराव झाला. शिकवायला इलियट, राज्य चालवायला दिवाण टी. माधवराव. 1881 च्या डिसेंबरात अधिकार मिळाले तोवर हीच व्यवस्था. माधवरावांनी तर त्यांच्यासाठी कारभारावर व्याख्यानंही दिली. त्यामुळे दोघांना एकच शब्द लावू नका. इलियटसाठी ‘देखरेखीखाली शिक्षण झालं’, माधवरावांसाठी ‘महाराज अज्ञान असताना कारभार पाहिला’.

खडूफळा:
‘तालमीत’ का नको? भीमसेन जोशी सवाई गंधर्वांच्या तालमीत तयार झाले, असं आपण सर्रास म्हणतो.

ओसरी:
गाण्यात, नाटकात, कुस्तीत चालतं. तिथे शागीर्द स्वतःहून गुरूचं दार शोधत येतो. भीमसेनजी तर त्यासाठी लहानपणी घर सोडून निघाले होते. इथे मास्तर सरकारने नेमलेला. ‘इलियटच्या तालमीत’ म्हटलं की मला तरी लाल माती दिसते. ‘हाताखाली’ही नको, त्यात उमेदवारीचा वास येतो. वकिलाच्या किंवा सुताराच्या हाताखाली शिकतात, महाराज नाही.

बोरूबहाद्दर:
‘देखरेखीखाली’ पक्कं. पण पुढच्याच परिच्छेदात संस्थानं ‘ब्रिटिशांच्या ट्यूटेलेजखाली’ आहेत. तिथेही देखरेख?

ओसरी:
लेखक इंग्रजांवर खूश असेल तर ‘पालकत्वाखाली’, टोमणा मारत असेल तर सरळ ‘अंकित’. आधीचं वाक्य इथे टाका, मग सांगतो.